शेपटीत वाया जाणारी ताकद

"शर्यतीत हे बैल सुतळी धरल्यासारखे सरळ धावले नाहीत, तर नाव बदलीन मी!"

सुतान पामेनान हे भरल्या टपरीत बोलला. हातात कॉफीच्या पानांच्या काढ्याने भरलेली करवंटी, पुढ्यात तळलेली केळी, आणि ऐकायला अर्धं कोतो तालांग गाव! अशा वेळी माणसाची जीभ मोकाट सुटते हे आम्ही काय आज बघतोय? पण सुतान पडला पशुखात्याचा माणूस. गुरांना काय घालावं, मांस कसं भरेल, बांधावर कोणता चारा लावावा, हे शेतकऱ्यांना सांगत फिरणं हेच त्याचं काम. ज्याचं पोटच बोलण्यावर, त्याला अडवणार कोण?

आता नाव बदलायचं म्हणाल, तर ते एकदा बदलून झालेलंच होतं. आईबापांनी ठेवलेलं नाव इनाल. पण आमच्याकडे लग्नात पुरुषाला पदवी मिळते, याची ती सुतान पामेनान, आणि तो बायकोच्या घरी राहायला जातो. तिथे त्याला जुन्या नावाने कुणी हाक मारायची नाही, सासूने तर नाहीच नाही. बाकी त्या घरात त्याचं असं काही नसतं. घर सासूचं, शेत सासूचं, गोठा सासूचा आणि अक्कल बायकोच्या मामांची! जावयाची म्हणून जी काय ती पदवी.

सुतानच्या सासूबाई म्हणजे आमाक रोस; आमाक म्हणजे आई. बाई मोठ्या मनाची. सकाळी गरम कॉफी, दुपारी माशाचं कालवण, सणाला नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, रेंदांग, आणि प्रत्येक वाक्यात "सुतान, घ्या ना" आणि "सुतान, बसा ना." जावयाला एका शब्दाने दुखवलं नाही. पण इतक्या वर्षांत त्याला एक कामही सांगितलं नाही. पाहुण्याला कोण काम सांगतं? हीच त्याची बोच होती.

आणि यंदा आमाक रोसनी काम सांगितलं!

झालं असं की भाताची कापणी उरकली, शेतांत पाणी सोडून चिखल झाला, आणि बैल पळवायचे दिवस आले. आमच्याकडे पहिला येण्यापेक्षा सरळ धावण्याला मान. दरवर्षी घरची जोडी बघायचे ते बायकोचे मामा, दातुक मांगकुतो. यंदा त्यांचा गुडघा धरला. तेव्हा आमाक रोस सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुतान, यंदा कुंबांग आणि बालांग तुम्ही सांभाळा. सरळ धावले तर झऱ्यावरची पट्टी तुमच्या त्या पाल्याला देते."

झऱ्यावरची पट्टी! सहा वर्षं तो गावातल्या बायकांच्या मागे लागला होता, की बांधावर सुबाभूळ लावा, बैल कसे भरतात बघा. जमिनी बायकांच्या, आणि टपरीवाली सोडली तर सगळ्यांचं उत्तर एकच. "आमाक रोस लावू देत, मग बघू." म्हणजे ती पट्टी मिळाली की गाव मिळालं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सासूबाईंनी त्याला आपला म्हणून काहीतरी सोपवलं होतं.

म्हणून ती टपरीतली फुशारकी.

टपरीच्या कोपऱ्यात दातुक गुडघ्याला तेल चोळत बसले होते. ते म्हणाले, "सुतान, बैल सरळ धावतो तो पायांनी. पाल्याने नाही."

"दातुक, पोटात गेल्याशिवाय पायात कुठून येणार?"

"मग शेळी का नाही हो जिंकत? ती तर जन्मभर पालाच खाते!"

टपरी खो खो हसली. टपरीवाली एतेक लिस, म्हणजे लिसमावशी, तर इतकी हसली, की तिच्या हातून साखरेचा डबा सांडला. सुतानही हसला, पण कान लाल झाले. तिथेच सगळा घोटाळा सुरू झाला असं आमचं मत आहे.

कारण सुबाभळीचा नियम सुतानला तोंडपाठ होता. गावोगाव तोच सांगत फिरायचा, की तीन भाग चाऱ्यात एक भाग सुबाभूळ, त्याच्या वर नाही, आणि तेही हळूहळू वाढवत न्यायचं. बैलाच्या पोटाला सवय झाली पाहिजे. खात्याच्या रोपवाटिकेतून पाला आणून सुरुवातीला त्याने तसंच केलं. बैलांच्या अंगावर तुकतुकी आली. पण दातुक रोज गोठ्याशी येऊन काठीने बैलाची बरगडी टोचायचे आणि म्हणायचे, "आहे अजून. मोजता येतेय." मग सुतानने दोन भाग केले. दातुक म्हणाले, "पाला चालू आहे वाटतं?" मग सुतानने गवत बंदच केलं. सकाळी सुबाभूळ, दुपारी सुबाभूळ, संध्याकाळी सुबाभूळ! जगाला पथ्य सांगणारा वैद्य घरी तूप ओरपतो, त्यातली गत.

बैलांना तर काय, तो पाला म्हणजे जिलबी. सुतानचा वास आला तरी हंबरायला लागले.

शर्यत आठवड्यावर आली आणि एका सकाळी तो कुंबांगला ओढ्यात धूत होता. पाठ चोळली, मांड्या चोळल्या, शेपूट धरून पिळलं, आणि शेपटाचा गोंडा हातात आला!

केस नाही हो, आख्खा गोंडा! सुतानने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा शेपटाकडे. कुंबांगसारखा काळा, दांडगा, डोंगराएवढा बैल, आणि मागे उंदराचं शेपूट! त्याने घाईघाईने गोंडा परत चिकटवून पाहिला. माणूस घाबरला की काय करील सांगता येत नाही. मग धावत बालांगकडे गेला आणि अगदी हळूच, बोटांच्या चिमटीत, त्याचं शेपूट ओढलं. त्याचाही गोंडा हातात आला.

काय झालं हे त्याला तिथल्या तिथे कळलं. कळणारच. अति सुबाभूळ घातली, सवय होऊ दिली नाही, की केस झडतात, हे त्याने स्वतः शंभरदा सांगितलेलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर सुतानने त्याला भर सभेत उभं करून समजावलं असतं. आता ओढ्यात गुडघाभर पाण्यात, दोन्ही हातांत दोन गोंडे घेऊन तो उभा होता, आणि त्याला इतकी लाज वाटली की बैलांकडेही बघवेना.

खांद्यावर लुंगीसारखा नेसायचा जुना सारोंग होता. त्याने तो टराटरा फाडला आणि दोन्ही शेपटं पट्टीने गच्च गुंडाळली. पाय जखमी झाल्यावर बांधतात तशी. आणि वळतो तर काठावर धुण्याचं टोपलं घेऊन आमाक रोस.

"हे काय, सुतान?"

"शेपूट बांधलंय, आमाक."

"ते दिसतंय. का?"

खरं ओठांवर आलं होतं. एकच वाक्य होतं. पण सासूबाई त्याच्याकडे इतक्या भरवशाने बघत होत्या की ते वाक्य मागे फिरलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"आमाक, बैल दिवसभर शेपूट हलवतो की नाही? इकडून तिकडे, तिकडून इकडे. केवढी ताकद जाते त्यात! ती वाया जाते. शेपूट बांधलं की तीच ताकद अंगात जिरते. मांस होतं तिचं."

इतकं अचाट तो आयुष्यात बोलला नव्हता. सासूबाईंनी बैलाकडे बघितलं. बैल खरंच तुकतुकीत होता.

"हे तुमच्या खात्याने शोधलं?"

"न... नवीन आहे."

"मग बरोबरच असणार. तुम्ही शिकलेली माणसं, सुतान."

आणि त्या धुणं घेऊन निघून गेल्या. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुतानला वाटलं.

आता आमच्या गावाचं काय सांगावं! सहा वर्षं खरं सांगितलं तर कुणी कान दिला नाही. हे एक खोटं ओढ्यावरून निघालं आणि दुपारच्या आत टपरीत पोचलं! संध्याकाळी सुतान टपरीत शिरला तर दातुक चक्क उठून उभे राहिले. दुखऱ्या गुडघ्यावर!

"सुतान! सहा वर्षांत पहिल्यांदा अकलेचं बोललात!"

"कशाबद्दल, दातुक?"

"शेपटाबद्दल! अहो, मी हेच म्हणत होतो लहानपणापासून. बैल उगाच हलवतो ते. वाया जातं सगळं. कुणी ऐकलं नाही माझं!"

"दातुक, ते जरा..."

"लिस, यांना केळी दे. माझ्यातर्फे!"

एतेक लिसने केळी दिली. आणि केळ्यांबरोबर प्रश्न आले. गाठ डावीकडे मारायची का उजवीकडे? ओलं कापड चालेल का? गाभण गाईचं बांधावं का? एक म्हातारा तर लांबून चालत आलेला, त्याने फार अदबीने विचारलं, "गाठ कुठल्या बाजूला, साहेब?" सुतानने सगळीकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती.

"उजवीकडे," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. त्या दिवशी सुतान घरी लांबच्या वाटेने गेला, कुणी भेटू नये म्हणून.

दोन-चार दिवसांत गाव बघण्यासारखं झालं. जो तो बैल शेपटाला पागोटं बांधून उभा! कुणाला सारोंग, कुणाला उशीचा अभ्रा, एकाच्या बैलाला तर लग्नातला जरीचा तुकडा. एतेक लिसच्या टपरीचा पडदा गायब झाला, तो तिच्याच गोऱ्ह्याच्या शेपटाला दिसला. माश्यांची मात्र चैन झाली. त्यांना हाकलणारं एकुलतं एक हत्यार बांधून ठेवलेलं! बैल बिचारे पाय आपटायचे, पाठ थरथरवायचे, खुंट्याभोवती गरगर फिरायचे. आणि आमचे लोक कौतुकाने बघायचे.

"बघा बघा! ताकद मावत नाहीये अंगात!"

सुतान गावात हिंडायचा तो मान खाली घालून. सगळ्यात वाईट घडलं टपरीच्या मागे. एतेक लिसने त्याच्याच आग्रहावरून कुंपणाला सुबाभळीची रोपं लावली होती. गावातली ती पहिलीच. एका सकाळी ती कंबर वाकवून उपटायला बसलेली.

"एतेक! अहो, काय करताय? उपटू नका!"

"का? शेपूट बांधून भागतंय तर रोज भारे कोण कापणार?"

"पण ती... ती चांगली आहेत."

"कशाला चांगली?"

बोल ना! तुझ्या तोंडाला काय झालं? पण तो म्हणाला, "शोभेला राहू दे." एतेक लिसने शोभा बकऱ्यांपुढे टाकली. सहा वर्षांचं काम त्या बकऱ्या कराकरा चावत होत्या आणि सुतान उभा राहून बघत होता. त्याला रडू येत होतं. स्वतःचा इतका राग त्याला कधी आला नव्हता.

घरी बायकोने, मार्नीने, गोंडे आधीच शोधून काढले होते. सुतानने ते तांदळाच्या कणगीमागे दडवले होते. बायकोपासून कणगीमागे काही दडवायचं म्हणजे कमालच झाली.

"उदा," आमच्याकडे बायको नवऱ्याला म्हणते तसं ती म्हणाली, "हे काय आहे?"

त्याने सगळं सांगितलं. मार्नी आधी पोट धरून हसली. मग म्हणाली,

"आईला सांगा. आजच."

"शर्यत होऊ दे, मार्नी. मग सांगतो."

"तिचा विश्वास आहे तुमच्यावर."

"म्हणूनच तर सांगवत नाही ना!"

तेवढ्यात जासमान आला. हा आमचा बैल पळवणारा. बांबूच्या दांडीवर एकेक पाय ठेवून, दोन्ही हातांत दोन बैलांची शेपटं धरून, चिखलातून असा सुसाट जातो की बघतच राहावं. आणि बैल आणखी पळवायचा तर शेपूट दातांनी चावायचं. जासमानचे दात म्हणजे गावाची इभ्रत. तो उंबऱ्यातूनच ओरडला, "सुतान, उद्या मी ते पागोटं चावू का? जीभ सोलून निघेल माझी!"

"कापड मऊ आहे, जासमान."

"मग तुम्ही चावा! आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. शेपूट उघडं नसेल तर कुणी पळवणार नाही. दातुकही हो म्हणालेत. शेतापाशी आलं की कापड काढायचं."

जासमान गेला. सुतान पायरीवर येऊन बसला. आणि मग त्याची नजर खांबांवर उभ्या घराच्या खाली गेली. तिथे दातुकनी मोठ्या घराच्या छपरासाठी इजुकचे भारे रचले होते. ताडासारख्या झाडाचा काळाभोर राठ काथ्या तो. लांब, चकचकीत, लांबून बघितलं तर थेट बैलाचे केस!

"उदा, नका," मार्नी म्हणाली. तिने नवऱ्याची नजर ओळखली होती.

पहाटे सुतानने दोन गोंडे बनवले. इजुकच्या जुड्या, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि मध्ये फणसाचा चीक. कुंबांगचं तर झकास जमलं. बालांगचं मूळ शेपूट तांबूस होतं. ते आठवड्यात काळं कसं झालं असं कुणी विचारलंच तर "सकस आहार" असं सांगायचं त्याने ठरवलं. आमचा माणूस कुठवर घसरला होता बघा!

शर्यतीला सगळा मुलूख लोटला. मारापीचा डोंगर स्वच्छ दिसत होता. बायका डोक्यावर जेवणाची ताटं घेऊन रांगेने आल्या, ढोल वाजले. बांधावर पशुखात्याचा मांडव होता. तो सुतानने चार दिवसांपूर्वीच कबूल केला होता, म्हणून ताज्या हिरव्यागार सुबाभळीच्या फांद्यांनी सजवलाही त्यानेच. मांडवात जिल्ह्याचे साहेब, शेजारी दातुक, आणि मानाच्या खुर्चीवर नवा सारोंग नेसलेल्या आमाक रोस.

साहेबांना सगळीकडे पागोटी दिसली. ते दातुकना म्हणाले, "हे शेपटाला काय बांधलंय?"

"असं काय करता साहेब? तुमच्याच खात्याचा शोध!" दातुक छाती काढून म्हणाले.

साहेबांनी एकदा डोळे मिचकावले. माहीत नाही म्हणायचं तर साहेब कसले? "हो, हो," ते म्हणाले. "आमचाच. फार परिणामकारक आहे."

आमाक रोसनी शेजारणीकडे वळून सांगितलं, "आमच्या सुतानने आणला गावात."

शेताच्या टोकाला उभ्या सुतानला हे ऐकू आलं नाही, पण सासूबाई बोट करून कुणाला तरी त्याला दाखवताहेत, एवढं दिसलं. त्याने शेपटांवरची कापडं सोडली. इजुकचे गोंडे वाऱ्यावर काय डुलले! शेजारच्या गावचा पिरिन म्हणून बैलवाला होता, त्याला ही जोडी फार दिवस हवी होती. तो म्हणाला, "वा! शेपटं बघा! घोड्यासारखी!"

जासमान दांडीवर चढला. शेपटं हातात घेतली. एकदा हुंगलंही.

"सुतान, याला छपराचा वास का येतोय?"

"पळव रे बाबा!"

बैल सुटले. चिखल उडाला. पाच-दहा पावलं झकास गेली. मग आरोळी ठोकून जासमान वाकला आणि त्याने कुंबांगच्या शेपटात आपले ते नामांकित दात रोवले.

गोंडा तोंडात आला.

तोल गेला म्हणून त्याने बालांगचं शेपूट गच्च ओढलं, तर तेही हातात आलं. दोन्ही शेपटं जासमानकडे, दोन्ही बैल पुढे! जासमान दांडीवरून उडाला तो सपशेल तोंडावर आपटला आणि चिखलात असा रुतला की फक्त पाय दिसत होते.

आणि बैल? बैलांना आता पाठीमागे माणूस नाही, शेपटाला दात नाहीत. त्यांनी मान वर केली. नाकपुड्या फुलवल्या. बांधावरून वारा येत होता आणि वाऱ्याला जिलबीचा वास होता!

मंडळी, आजवर आमच्या मुलखात कुठलीही जोडी इतकी सरळ धावली नसेल. ना डावीकडे झुकली, ना उजवीकडे. सुतळी धरल्यासारखी निघाली ती थेट खात्याच्या मांडवावर! साहेब खुर्चीसकट मागे पडले. दातुक, ज्यांचा गुडघा धरला होता ते, टुणकन उडी मारून बांधापलीकडे गेले. मांडव कोसळला, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात कुंबांग आणि बालांग शांतपणे सुबाभळीच्या फांद्या खात उभे राहिले. त्यांची तुळतुळीत शेपटं डाव्या-उजव्या बाजूला हलत होती.

आमाक रोस मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या नव्या सारोंगवर चिखलाचे फराटे आले होते. त्या उठल्या, कुंबांगच्या मागे गेल्या आणि ते उघडं शेपूट त्यांनी हातात घेतलं.

तोवर जासमान चिखलातून वर आला. तोंडात इजुकची जुडी तशीच. ती थुंकून तो ओरडला, "हे शेपूट आहे का झाडू?"

ढोल थांबले. दातुक बांधावरून लंगडत परत आले. त्यांनी शेपूट पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "माझ्या बहिणीच्या बैलांचे केस कापले! बैल विद्रूप केले! कुणी केलं मला माहीत आहे. ज्याला जोडी स्वस्तात हवी होती त्याने!" आणि त्यांनी काठी रोखली ती पिरिनवर.

"मी? मी हात नाही लावला, दातुक!"

"आत्ताच शेपटांचं कौतुक करत होतास!"

आमची पोरं पुढे सरकली. पिरिनची माणसंही सरकली. पिरिन पांढराफटक पडला. आणि सुतानच्या लक्षात आलं की आता तो सुटला होता. नुसतं गप्प राहायचं. सगळं आपोआप दुसऱ्याच्या अंगावर जात होतं. एक क्षणभर, त्याने पुढे स्वतःच कबूल केलं, त्याला बरंसुद्धा वाटलं. आणि त्या बरं वाटण्याची त्याला जेवढी लाज वाटली तेवढी साऱ्या प्रकरणात वाटली नव्हती.

"पिरिनने नाही!" तो चिखलातून धडपडत वर आला. "मी केलं. मीच!"

"तुम्ही? तुम्ही बैलाचे केस कापले?" दातुक.

"कापले नाहीत. झडले. सुबाभूळ जास्त घातली मी. तिसरा भाग घालायचा, मी नुसती तीच घातली. मला दाखवायचं होतं सगळ्यांना... घाई केली. केस परत येतील, बैलांना काही होणार नाही. पण चूक माझी. पाल्याची नाही."

"आणि शेपूट बांधायचं ते?" एतेक लिसने विचारलं.

"खोटं."

"ताकद अंगात जिरते ते?"

"सगळं खोटं. टक्कल लपवायला बांधलं होतं."

सगळं मैदान आपापल्या बैलाच्या शेपटाकडे बघायला लागलं. तो लांबून आलेला म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे उजवीकडची गाठसुद्धा?" साहेब अंगावरचा चिखल पुसत दुसरीकडे बघत होते.

आमाक रोसनी शेपूट खाली सोडलं. त्या काही ओरडल्या नाहीत. साध्या आवाजात म्हणाल्या,

"इनाल, बैल घरी घेऊन चल."

बायकांनी तोंडावर ओढणी घेतली. दातुकनीसुद्धा मान खाली घातली. भर मैदानात, साऱ्या मुलखासमोर, सासूने जावयाला नावाने हाक मारली, आणि तीही अरे-तुरेने! बैल सुतळीसारखे सरळ धावले होते, तरी नाव बदललं.

पुढचे दिवस सुतानने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. घरोघर जाऊन त्याने स्वतःच्या हाताने शेपटं सोडली. प्रत्येक घरी काहीतरी ऐकून घेतलं. पिरिनच्या गावी जाऊन माफी मागितली. दातुकचा इजुक भरून दिला. जासमानचे दात शाबूत होते, पण तो भेटला की मुद्दाम जबडा हलवून दाखवायचा. टपरीत सुतान जाईना. साऱ्यात कहर म्हणजे दोन-तीन घरं कापड सोडायलाच तयार नव्हती. "तुम्ही आता लपवताय," असं म्हणायची! अजूनही वरच्या आळीत एक बैल पागोटं घालून उभा असतो.

घरी कॉफी वेळेवर मिळायची, कालवण मिळायचं. पण आमाक रोस त्याला कसलीच हाक मारत नव्हत्या. ना सुतान, ना इनाल. "जेवण वाढलंय," असं त्या खांबाला सांगायच्या. त्याला ते नावापेक्षा जड जायचं.

मग एका सकाळी त्या गोठ्यात आल्या. हातात तीन सारख्या टोपल्या.

"किती घालायचं ते आता खरं सांग."

"दोन टोपल्या गवत, एक सुबाभूळ. पहिल्यांदा तर तेवढीही नाही. मूठ-मूठ वाढवत जायची."

"नक्की?"

"नक्की, आमाक."

त्यांनी स्वतः मोजून घातलं. रोज स्वतःच घालायच्या, त्याला हात लावू द्यायच्या नाहीत. मग कुणाला न सांगता झऱ्यावरच्या पट्टीत रोपं लागली. खड्डे मार्नीने खणले, पाणी सुतानने घातलं, लावली मात्र आमाक रोसनी. एतेक लिसने कुंपणाशी पुन्हा लावली, दातुक नाक मुरडून का होईना बघून गेले. कुंबांगच्या शेपटाला आधी काळी लव आली, मग केस आले, आणि एके दिवशी त्याने आपल्या शेपटाने फटकन एक माशी मारली.

ते बघत सुतान अंगणात उभा होता. तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला.

"सुतान!"

त्याला वाटलं भास झाला. पुन्हा आवाज आला.

"सुतान! इकडे या जरा!"

तो धावला. डोळे भरून आले होते, वाटेत एक चप्पल निघाली तीही त्याने सोडली. आमाक रोस गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. हात पाठीमागे. चेहरा गंभीर, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

"आमाक?"

त्यांनी हात पुढे केला. हातात झाडू होता. काळाभोर, लांब, चकचकीत इजुकचा, बांबूच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधलेला. एका बाजूला जासमानच्या दातांची खूण अजून स्पष्ट दिसत होती.

"तुमची शेपटं," त्या म्हणाल्या. "शेण काढा. ताकद वाया जायला नको."